भिंतीपलीकडचा कुफ्तवाला

नवारा कोठीतल्या रांजणातून पीठ काढत होती, तेवढ्यात समोरच्या भिंतीतला एक दगड निसटला आणि त्यामागून माणसाचा हात आत आला.

दुसरी कुणी असती तर किंचाळत सुटली असती. पण कुर्ना गावच्या डोंगरात अर्धीअधिक घरं फॅरो राजांच्या काळातल्या जुन्या थडग्यांना टेकूनच उभी. नवाराची कोठी म्हणजे तर थडगंच, छतावर हजारो वर्षांपूर्वीची बदकं रंगवलेली. मेलेल्यांचं भय तिला कधी वाटलंच नव्हतं. तिने तो हात नीट पाहिला. नखांत माती, मनगटावर घाम... मेलेल्याला घाम कशाला येईल? तिने सरळ पळी हाणली.

"आई गं... भूत आहेस की माणूस?" पलीकडून आवाज आला.

"तूच सांग. माझ्या घरात हात तुझा आलाय."

भोकातून दोन डोळे दिसले. पापण्या धुळीने पांढऱ्या, पण डोळे असे हसरे, की नवारा पळी खाली ठेवायचीच विसरली.

"मी शाझली. गोऱ्या साहेबाच्या खोदकामावर आहे. शेजारचं थडगं उपसतोय."

"कुफ्त गावचा ना? वाटलंच. खोदायला शिकलात, दार ठोठावायला नाही."

साहेबलोक गावातल्यांना डावलून खोदायला मुद्दाम कुफ्तची माणसं आणत आणि कुर्नावाल्यांच्या नाकाला मिरच्या झोंबत. पण शाझली नुसताच हसला. मग त्याची नजर छताकडे गेली आणि नवाराने पळी पुन्हा उगारली. असं रंगवलेलं थडगं सापडलं, की सरकार घर रिकामं करून लोखंडी फाटक बसवी. वरच्या आळीत तसंच झालं होतं.

"साहेबाला सांगणार?"

"सांगितलं तर मला मुकादम करतील."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर उद्या पुन्हा पळी खायला येईन."

आणि आला की. दुपारी मजुरांची टोळी सावलीत कलंडली, की दगड हळूच सरके. नवारा उन्हात पीठ फुगवून भाजलेली गरम भाकरी पलीकडे सरकवी, तो कुफ्तच्या गोष्टी सांगे. कधी बोटाला बोट लागे... आणि मग दोघांनाही पुढचं वाक्य आठवत नसे.

एके दुपारी मात्र तो हसला नाही. "उद्या साहेब या भिंतीवरची चित्रं कागदावर उतरवून घ्यायला येतोय. आजच भोक बुजवायला हवं."

"मग बुजव."

"बुजवतो. पण मग... आपलं बोलणं?"

"पक्कं बुजव," नवारा म्हणाली. "मला भिंतीतला नवरा नकोय. वळसा घालून ये. दार आहे आम्हाला."

"नवरा म्हणालीस?"

"तू काम कर. अंधार पडेल."

साहेब आला, दिवसभर चित्रं काढून गेला. बुजवलेल्या जागेकडे त्याचं लक्षही गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाझली दारात उभा राहिला, धुतलेला झगा घालून, हातात मागणीच्या रीतीचा साखरेचा मोठा खडा घेऊन. नवाराचे वडील हसनैन त्याला पाहून उठलेच नाहीत.

"कुफ्तवाल्याला मुलगी? आमच्या पोटावर पाय देणाऱ्याला?"

"काका, माझी वडीलधारी माणसं उद्या येतील. आधी एक गोष्ट एकट्याने सांगायची होती. तुमच्या कोठीचं छत मी पाहिलंय."

हसनैनचा चेहरा उतरला. "धमकी देतोस?"

"नाही. मुलगी दिलीत, नाही दिलीत, माझं तोंड उघडणार नाही. तेवढं आधी सांगितलं. भीतीपोटी दिलेला होकार मला नको."

पडद्याआड उभी नवारा आणखी पुढे सरकली.

हसनैनांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग त्यांनी लेकीला हाक मारली. "हा तुला मागतोय. काय म्हणतेस?"

मुलगी गप्प राहिली की होकार, ही तिथली रीत. चुलतभावाचं स्थळ आलं, तेव्हा नवारा एवढी बोलली होती, की बिचारा आल्या पावली परतला होता. आताही जिभेवर किती काय आलं होतं... बाबा, हा खरा माणूस आहे. बाबा, मला हाच हवाय. तिने ओठ घट्ट मिटले आणि जमिनीकडे पाहिलं.

"ऐकू आलं ना, पोरी?"

नवारा गप्प.

"तब्येत बरी आहे ना तुझी?"

गप्प. फक्त कान लालबुंद झालेले.

हसनैन पोट धरून हसायला लागले. डोळे पुसत त्यांनी शाझलीला बाजूला बसायला जागा करून दिली.

"उद्या वडीलधाऱ्यांना जेवायलाच घेऊन ये, जावईबापू," ते म्हणाले. "हिला इतकं गप्प मी जन्मात पाहिलं नाही."