खालचा बर्थ

बोटीचं बुकिंग करायला ती घरातून निघाली तेव्हा दुपारचे साडेतीन झाले होते. पिशवीत पाण्याच्या दोन बाटल्या, लेकीच्या कानाचे थेंब, डॉक्टरांची चिठ्ठी आणि पासपोर्टांचं जुनं पाकीट होतं. कोपऱ्यावरून दूध आणायचं असलं तरी ती अशीच तयारीनिशी निघायची. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. तिचं मन तर त्या कामाला पहाटेच उठून बसायचं.

नवऱ्याला समुद्रापलीकडच्या बंदरात नोकरी लागून वर्ष होत आलं होतं. चार वर्षांच्या ठकीचा कान फुटलेला, म्हणून विमान नको असं डॉक्टरांनी बजावलं होतं. राहिली बोट. ती गुरुवारी संध्याकाळी पाचला इथून सुटणार होती, शुक्रवारी सकाळी सातला तिथे लागणार होती. मायलेकींच्या प्रवेशपरवान्याची मुदत शुक्रवारी संपत होती. तोवर पलीकडे उतरल्या नाहीत, तर सगळे कागद पहिल्यापासून, म्हणजे आणखी एक वर्ष. आणि मागच्याच आठवड्यात ठकी फोनवर बापाला 'काका' म्हणाली होती. नवरा हसला होता, आणि लगेच फोन ठेवला होता.

बुकिंगवाल्या काकांचं ऑफिस बंदराच्या फाटकासमोर होतं. एक टेबल, एक कुरकुरणारा पंखा, आणि काचेच्या पेटीत धूळ खात बसलेली प्लास्टिकची बोट.

"दोघीच?" काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "मग केबिनमध्ये तिसरी बाई येणार. तीन बर्थ असतात. दोन खाली, एक वर."

"कोण बाई?"

"ते मी कसं सांगू? येईल कोणीतरी."

ती अनोळखी बाई लगेच तिच्या डोक्यात येऊन बसली, खोकायला लागली, ठकीचे गाल ओढायला लागली. "तिसरा बर्थ रिकामा नाही का ठेवता येणार?"

काकांनी आवाज खाली आणला. "घरातल्या कुणाचंही तिसरं नाव द्या. पासपोर्टचा नंबर तेवढा खरा हवा. ते माणूस आलं नाही की बोटवाले यादीत 'गैरहजर' लिहितात, बर्थ तसाच रिकामा जातो. सगळेच करतात हो."

पाकिटात पासपोर्ट तीनच होते. तिचा, ठकीचा आणि सासूबाईंचा. सासूबाईंना जाऊन सात महिने झाले होते. पासपोर्टची मुदत मात्र अजून नऊ वर्षं शिल्लक होती.

तो पासपोर्ट काढला होता याच प्रवासासाठी. लेकाचं बिऱ्हाड बघायचं म्हणून सासूबाईंनी बॅग भरून दारामागे उभी केली होती. पण एका केबिनमध्ये त्यांच्यासोबत चौदा तास, हा विचारच हिला नकोसा व्हायचा. कारण ठकी रांगत असताना एकदा झोपेत पलंगावरून पडली होती, आणि शेजारी झोपलेल्या आईला जागच आली नव्हती. तेव्हापासून सासूबाई रोज म्हणायच्या, "पोरीला माझ्याजवळ दे. तुझ्या कानाशी ढोल बडवला तरी तुला कळायचं नाही." वाईट याचं वाटायचं, की ते खरं होतं.

म्हणून ती खोटं बोलली होती. "आई, बोट भरलीय. जागाच नाही." एकदा नव्हे, तीनदा. तिसऱ्या वेळी सासूबाई म्हणाल्या होत्या, "माझ्यापुरती बघ गं कुठेतरी. वरचा बर्थ तेवढा नको. गुडघे वर चढत नाहीत."

त्यानंतर आठच दिवसांत त्या गेल्या. बॅग अजून दारामागेच होती.

"मग? नाव सांगताय ना?" काका म्हणाले.

तिने पासपोर्ट पुढे सरकवला. सासूबाईंना वरचा बर्थ दिला, खालचे दोन्ही आपल्याकडे ठेवले. जिवंतपणी जागा नाही म्हटलं, आणि आता त्यांच्याच नावाने जागा अडवली. घरी जाताना तिला स्वतःचीच लाज वाटली. नवऱ्याला सांगावं म्हणून दोनदा फोन लावला, आणि दोन्ही वेळा ठकीच्या कानाबद्दलच बोलली.

दोन दिवसांनी मोबाइलवर मेसेज आला: 'आपल्या विनंतीनुसार बर्थ बदलले आहेत.' खालचे बर्थ ठकीचे आणि सासूबाईंचे, वरचा तिचा. त्याखाली एक ओळ होती: 'चाकाची खुर्ची: हवी.'

तिने काकांना फोन लावला.

"अहो, तुमच्या सासूबाईंचाच फोन होता," काका म्हणाले. "गुडघ्यांचं सांगत होत्या. बोलक्या आहेत हं. सून गुणाची आहे म्हणाल्या, झोपाळू तेवढी आहे."

"काका... आवाज कसा होता?"

"आवाज काय, म्हाताऱ्या माणसाचा असतो तसा. मागे नळ चालू असावा. सारखं पाणी वाजत होतं."

"त्यांचं नाव काढून टाका. आत्ताच्या आत्ता."

"यादी बंदरात गेली की हो. आता एक नाव काढलं तर तिघींचंही रद्द होणार. पुढची बोट बारा दिवसांनी आहे." पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला. "तुमची मुदत शुक्रवारची ना?"

कुणीतरी दुसरीच म्हातारी असेल, काकांनी चुकीच्या नावापुढे टिपून ठेवलं असेल, असं तिने स्वतःला शंभरदा बजावलं. इतकी वर्षं सगळे तिला हेच सांगत आले होते, की तू उगाच साप साप म्हणून भुई धोपटतेस. या वेळी तिने ते ऐकायचं ठरवलं.

गुरुवारी साडेचारला त्या धक्क्यावर पोचल्या. समुद्रावरून धुकं आत सरकत होतं, बोटीचा अर्धा भाग त्यात नाहीसा झालेला. खिडकीमागच्या मुलीने यादीवर बोट फिरवलं आणि बोटीवर चढायचं एकच कार्ड पुढे केलं.

"हे तुमचं. बाळाचं कार्ड आजींनी नेलं."

"कोणत्या आजींनी?"

"तुमच्याच ना? मघाशीच चढल्या. खुर्ची मागवली आणि बसल्याच नाहीत. चालतच गेल्या, दर दहा पावलांनी थांबत."

सासूबाई तशाच चालायच्या. दहा पावलं मोजायची, थांबायचं, गुडघा चोळायचा, मग पुढची दहा.

मागे रांग होती. ठकी पुढे ओढत होती. परत फिरावं तर बारा दिवस, मुदत, वर्ष, आणि बापाला 'काका' म्हणणारी पोर. जिन्यापाशी उभ्या असलेल्या माणसाने तिचं कार्ड यंत्राला लावलं. यंत्र वाजलं नाही.

"वाजलं नाही हो," ती म्हणाली.

"धुक्याने यंत्र गारठलंय. चला बाई, मागे लोक खोळंबलेत."

केबिन रिकामी होती. तिने बर्थखाली पाहिलं, कपाट उघडलं, न्हाणीत डोकावलं. कुणी नव्हतं. फक्त निलगिरीच्या तेलाचा वास होता, रोज रात्री गुडघ्यांना लावायचं ते तेल. आणि खालच्या एका बर्थवरची चादर मधोमध थोडी खचलेली.

"आई, तू वर," ठकी बूट काढत म्हणाली.

"कोण म्हणालं?"

ठकी खचलेल्या चादरीकडे बघून लाजल्यासारखी हसली.

तिने दाराला आतून कडी घातली, शिवाय दाराला बॅग टेकवून ठेवली, आणि ठकीला छातीशी घेऊन दुसऱ्या बर्थवर आडवी झाली. आज डोळ्याला डोळा लावायचा नाही. इंजिनाची घरघर खालून पाठीत शिरत होती. पत्र्याला पाणी घासत होतं. समोरच्या बर्थवरून मधूनच बारीक आवाज यायचा, कटकट, जसे जुने गुडघे हळूच वाकतात. तिने ठकीला आणखी घट्ट धरलं. मोजत राहिली... दहापर्यंत... पुन्हा दहापर्यंत...

जाग आली तेव्हा नाकाच्या वीतभर वर छत होतं.

ती वरच्या बर्थवर होती. अंगावर चादर नीट खोचलेली, पायाशी सुद्धा. खाली ठकी गाढ झोपली होती, अगदी भिंतीच्या बाजूला, पडणाऱ्या मुलाला झोपवतात तशी. खाली उतरून तिने हात लावला, तर बर्थचा बाहेरचा अर्धा भाग कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखा उबदार होता. कडी लागलेली होती. बॅग जागची हलली नव्हती.

तिने ठकीला उचललं आणि जी पळत सुटली ती थेट उतरायच्या फाटकापाशी येऊन थांबली. काचेपलीकडे, गर्दीच्या शेवटी, नवरा टाचा उंचावून बघत होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. संपलं, पोचलो.

फाटकावरचा अधिकारी यादी घेऊन बसला होता. "मुलांना आधी सोडा," तो म्हणाला. तिने ठकीला खाली उतरवलं. ठकी फाटकाच्या आडव्या दांड्याखालून सहज पलीकडे गेली. मग तिने आपलं कार्ड यंत्राला लावलं. लाल दिवा लागला आणि दांडा जागचा हलला नाही.

अधिकाऱ्याने यादी पाहिली, मग तिच्याकडे, मग पुन्हा यादी.

"हे कार्ड बोटीवर चढलेलंच नाही."

"अहो, मी... ती माझी मुलगी आहे. मी तिची आई."

"केबिनमध्ये तीन नावं. एक आजी, एक नात. दोघी चढल्या, दोघी उतरल्या. आकडा जुळला." त्याने यादी तिच्याकडे फिरवली. तिच्या नावापुढे निळ्या शाईत, स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं: गैरहजर. "तुम्ही कोण, ते आता आत बसून सांगा."

"ठकी," तिने हाक मारली. काच जाड होती.

काचेपलीकडे ठकी बापाच्या दिशेने निघाली होती. धावत नव्हती. तिचा उजवा हात डोक्याच्या वर गेला होता, मोठ्या माणसाचा हात धरल्यावर जातो तसा, आणि मूठ घट्ट मिटलेली. ती शहाण्यासारखी अगदी हळू चालत होती. दहा पावलं चालली आणि थांबली. शेजारी वर मान करून वाट पाहत उभी राहिली. मग पुढची दहा.