घाट्याला दुसरा हात

"नाना, पानी शे का?"

दारातून हाक आली तेव्हा नेमके झुंबरचे दोन्ही हात गुंतलेले होते. अंगणातल्या चुलीवर बिबड्यांसाठी, त्या वाळवणाच्या पापडांसाठी, ज्वारीचा घाटा रटरटत होता. लाकडी दांडा क्षणभर सोडला असता तर घाटा तळाला लागला असता. आणि तिचे वडील, नाना, ओट्यावर, बाजेवर... कंबर धरलेली.

"शे," तिनं त्याच्याच बोलीत उत्तर टाकलं, "पण द्यायला कुणी नाही."

दारातला तरुण हसला. बोलीवरून धुळ्याकडचा होता. "मग असं करू. मी दांडा धरतो, तुम्ही पाणी आणा."

"पुरुषानं घाटा ढवळायचा?"

"घाट्याला कळतं का, कोण ढवळतंय ते?"

झुंबरनं मानेनंच माठ दाखवला. त्यानं आपल्या हातानं पाणी घेतलं, प्यायला, तांब्या विसळून पालथा घातला आणि ओट्याशी उभा राहिला. बाकी काही नाही, पण ते विसळणं झुंबरनं बरोबर टिपलं. आजवर या घरात पाणी पिऊन गेलेल्या पुरुषांचे तांबे तिनंच उचलले होते.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आदल्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. सावद्यात तेव्हा बिबडे एकटीनं कुणी करत नसे. घाटा गरम आहे तोवर थापायचा, नाहीतर बिबडा वाळताना तडकतो. म्हणून आज हिच्या अंगणात, उद्या तिच्या, असा बायकांचा फेरा चाले. झुंबर सगळ्यांकडे जायची, आपल्याकडे मात्र कुणाला बोलवायची नाही. तिचं म्हणणं, बायका थापतात कमी अन् बघतात जास्त. कोपऱ्यात जाळं आहे का, पितळ काळं पडलंय का. तिला हे इतकं ठाऊक कसं? तीही दुसऱ्यांकडे जाऊन हेच बघायची. आई गेल्यापासून हे घर तिनं एकटीनं ओढलं होतं, आणि शेजारच्या वच्छलाअक्का जगाला सांगायच्या, 'झुंबरसारखी झुंबरच.' त्या एका वाक्यासाठी ती मरमर मरायची.

नानांनी एवढ्यात पाहुण्याची सगळी मुळं उकरली होती. नाव गिरधर, गाव नरडाणा. धुळ्याच्या एका व्यापाऱ्यासाठी केळीचे घड स्टेशनवर डब्यांत भरून द्यायचं काम; आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्यतृतीयेपर्यंत, मुक्काम. शिवाय आपल्यातलाच निघाला. नानांच्या आवाजात साखर आली.

घाटा उतरला. अंगणातल्या दुसऱ्या बाजेवर ओलं धोतर पसरून झुंबर थापू लागली. तिळाचा, लसणाचा वास अंगणभर. पण हात दोन अन् घाटा हंडाभर.

"गार होतोय," गिरधर म्हणाला.

"दिसतंय मला."

"बठ्ठं, एवढं सारं, एकटीच करणार?"

"रोजच करते."

त्यानं बाह्या वर केल्या, हात धुतले आणि धोतराच्या पलीकडच्या टोकाशी बसला. झुंबरनं नानांकडे पाहिलं. नाना आभाळाकडे पाहत होते, तिथं काहीच नव्हतं तरी.

"हा बिबडा आहे की तापीचं पात्र?" तिनं त्याचा पहिला बिबडा पाहून विचारलं.

"तापीचं. तुमच्याकडून निघते, आमच्याकडे येते."

ती हसू दाबत खाली वाकली. वाटीतल्या पाण्यात दोघांची बोटं एकदमच बुडाली... तिनं हात आधी काढला की त्यानं, हे तिला नंतर कधी नीटसं आठवलं नाही.

मग संध्याकाळी गिरधर येऊ लागला. कधी केळीची फणी घेऊन, कधी नानांना वर्तमानपत्र वाचून दाखवायला. बसायचा नानांपाशी, बोलायचा नानांशी, आणि हसायचा मात्र चुलीकडे पाहून. आता ते ओटे राहिले नाहीत, ते माठही गेले. पण त्या संध्याकाळी बागांकडून येणारी गार झुळूक झुंबरला म्हातारपणीही आठवायची.

आखाजी जवळ आली तेव्हा तो माठाशी थांबून हळूच म्हणाला, "काकांनी धुळ्याची एक मुलगी पाहिलीय. आखाजीला घरी गेलो की होकार मागतील. मी नाही म्हणेन... पण कुणासाठी, ते तुम्ही सांगा."

झुंबरच्या हातातली कळशी तशीच राहिली. "मी गेले तर नानांचं कोण करील?"

"गुंताबाई. नाना कधीपासून म्हणताहेत."

"तिला काम जमत नाही."

"जमू दिलंय का?"

त्या रात्री तिचा डोळा लागला नाही, आणि सकाळी तिनं गुंताबाईला निरोप धाडला. सातपुड्याच्या पायथ्याची बाई, पोरंबाळं घेऊन गावाच्या कडेला राहायची. ती आली, झाडून गेली. तिची पाठ फिरताच झुंबरनं पुन्हा झाडू उचलला. गुंताबाई विसरलेली टोपली घ्यायला परतली, अन् दारातच थांबली.

"बाई, माझ्यामागं झाडायचं होतं तर मला बोलावलं कशाला?" ती रागावली नव्हती, तेच जास्त लागलं. ती निघून गेली.

"कायले सारं घर डोक्यावर वाहतं, पोरी?" नाना बाजेवरून म्हणाले. "जरा धूळ राहिली तर मी काय मरतो? तू घरात बसून राहिली तर मात्र मरेन."

गिरधरची गावाकडची गाडी त्याच दुपारची होती. झुंबर उन्हातून गुंताबाईच्या झोपडीपर्यंत चालत गेली. वाटेत वच्छलाअक्का ओट्यावरून म्हणाल्या, "काय गं, आता मोलकरीण लागते का झुंबरला?"

"लागते, अक्का," ती म्हणाली, आणि जीभ जळाली नाही याचं तिलाच नवल वाटलं. गुंताबाईला ती म्हणाली, "चुकलं माझं. आता मागं झाडू घेणार नाही."

गिरधर निरोप घ्यायला आला, तेव्हा गुंताबाई अंगण सारवत होती. नाना आत पडले होते अन् झुंबर ओट्यावर बसली होती, दोन्ही तळवे मांडीखाली दाबून.

"हे काय?" तो शेजारी टेकला.

"हात धरून ठेवलेत. तो कोपरा बघा, किती वाकडा सारवलाय."

"वाकडाच आहे."

"राहू दे." ओल्या शेणामातीचा वास दोघांच्या मध्ये येऊन थांबला होता. "तुमच्या घरी मी काम करताना... तुम्ही मध्ये मध्ये हात लावाल?"

"लावीन. लोक हसतील."

"हसू देत. पण तांब्या माझ्यापेक्षा नीट विसळायचा नाही."

तो हसला. तिनं मांडीखालचा एक हात सोडवला, ओट्यावर त्याच्या हाताजवळ ठेवला, अगदी जवळ.

"काकांना काय सांगू?" त्यानं विचारलं.

"आधी नानांना सांगायला हवं."

"सांगा ना."

"उठा, दोघं जाऊ," झुंबर म्हणाली. "हे काम मी एकटीनं करायची नाही."