दोन तासांची तहान

बाटली काउंटरवर अशी आदळली की इलियासभाईंच्या पोल्ट्रीच्या दुकानातल्या तराजूचं पारडं हललं.

"हे औशीद हाय का गुळाचं पानी?" दिपालीनं विचारलं.

काउंटरमागच्या तरुणानं बाटली उचलली, तारीख पाहिली आणि तिच्या खांद्यावरून बाहेर रस्त्याकडं बघत म्हणाला, "मालक आले न्हाईत का?"

झालं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खाद्याचा टेम्पोवाला हेच विचारी, वायरमन हेच विचारी. कोंबड्यांचे तीन हजार पक्षी तिनं पहिल्या दिवसापासून वाढवलेले, तुसात हात घालून ओल तपासणारी ती... आणि मालक मात्र दुसराच कुणी!

"मालक तुमच्या पुढ्यात उभी हाय," ती म्हणाली, आणि मग थांबलीच नाही. अठरा दिवसांचे पक्षी, पाच दिवस पाण्यात व्हिटॅमिन आणि कॅल्शियम, तरी पाय वाकडेच. कित्येकांना पाण्यापर्यंत जाता येईना, बसल्या जागी माना लांब करतात. असलं औषध विकणाऱ्यानं एकदा येऊन त्यांच्या डोळ्यांत बघावं!

तो गुमान ऐकत राहिला. तेवढ्यात चहा पिऊन खरे दुकानदार इलियासभाई आले. हसू दाबत त्यांनी सांगितलं की हा उत्तरेश्वर, युसूफ वडगावचा, औषधाच्या कंपनीचा माणूस. बाटली याची, पण दुकान अजून तरी माझंच आहे पोरी.

दिपालीचे कान तापले. "मग मधीच सांगायचं न्हाई का?"

"सांगनारच होतो... पन तुमी बोलत होता, आन् ऐकावंसं वाटलं."

या बोलण्याचा तर तिला अजूनच राग आला. कडा गावातल्या त्या दुकानापासून घरापर्यंत स्कूटीवर ती एकटीच भांडत आली. कारण गोष्ट साधी नव्हती. आप्पांनी, तिच्या वडलांनी, बजावलं होतं की ही बॅच तोट्यात गेली तर शेड बंद, आणि दिवाळीआधी लग्न. ऊसतोडीला मुकादम नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता धरतो, आणि सांगून आलेल्या स्थळाच्या पोराला जोडी नव्हती. त्यांना सून कुठं हवी होती? अर्धा कोयता पुरा करायचा होता!

दुपारी दुकानातून पत्ता घेऊन उत्तरेश्वर शेडवर आला. पक्ष्यांकडं न बघता तो आधी शिडी चढला. पत्र्यावरच्या काळ्या टाकीत हात घातला, ओंजळ नाकाशी नेली... आणि खाली उभ्या दिपालीकडं बघितलं. ब्लीचिंगचा वास. पाणी स्वच्छ राहावं म्हणून रोज सकाळी ती स्वतःच्या हातानं पावडर टाकी, आणि त्याच पाण्यात मग व्हिटॅमिन ओती. तिला काय ते उमगलं. तोंडचं पाणी पळालं.

आप्पांनी विचारलं, काय बिघडलंय. तो तिच्या चेहऱ्याकडं बघून म्हणाला, "उन्हानं पानी तापतंय आप्पा. औशीद टिकत न्हाई."

"अर्धंच का म्हून सांगता?" दिपाली कडाडली. "आप्पा, ब्लीचिंगनं औशीद मेलंय, आन् ते मी टाकत होते." मग त्याच्याकडं वळून म्हणाली, "शेड माझं हाय तर चूक बी माझीच ऱ्हाऊ द्या. तुमी कोन झाकनारे?"

पहिल्यांदाच त्यानं तिला नीट डोळे भरून बघितलं. शिडीवरूनच म्हणाला, "चुकलो, मालक."

त्यानं रीत सांगितली. निळा ड्रम लिंबाच्या सावलीत ठेवायचा, त्यात ब्लीचिंगचा कणही नको, औषध सकाळच्या गारव्यात घालायचं. आणि त्याआधी दोन तास पाण्याची भांडी वर उचलून घ्यायची.

"त्यांचा कालवा माझ्याच्यानं ऐकवनार न्हाई," ती म्हणाली.

"दोनच तास. तहान लागू द्या... मग बघा, एक थेंब वाया जात न्हाई."

दुसऱ्या दिवशी ते दोन तास दोघं पोत्यांवर बसून राहिली. ती रुसल्यासारखी, तो घड्याळाकडं बघण्याचं सोंग करत तिच्याकडं बघत. भांडी खाली सोडली तशी तीन हजार चोची पाण्यावर तुटून पडल्या. पत्र्यावर सर उतरावी तसा आवाज... दिपालीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्यानं बघितलं म्हणून ती पुन्हा चिडली.

चार दिवस तो रोज आला. लंगडे पक्षी दोघांनी वेगळे काढले, त्यांच्या तोंडाशी पाणी धरलं. एकाच भांड्याला दोघांचे हात लागले की तिचा आधी मागं येई, त्याचा जरा उशिरा. पाचव्या दिवशी पक्षी तुसात धावू लागले. सत्तरएक मात्र उठलेच नाहीत. त्यांच्यासाठी ती स्वतःवर रागावून रडली.

आणि मग हा गडी आलाच नाही! ना फोन, ना निरोप. ती ड्रम भरता भरता दातओठ खाई, आणि ओठांवर येई मात्र ओवी.

*उन्हाच्या टाकीमंदी, औशीद गं वाया गेलं*
*सावलीच्या ड्रमामंदी, पानी कसं निवळलं*

बॅच उचलायला गाडी आली त्याच दिवशी स्थळवालेही आले. जाळीच्या पेट्या भरताना दिपालीचे कान तिकडंच. आप्पांनी पाहुण्यांना सांगितलं की पोरीचं शेड आहे, पोरीलाच विचारा. पोरीनं पेटी खाली न ठेवताच मान हलवली... नाही.

पाहुणे गेले, गाडी गेली. रिकाम्या शेडच्या दारात धुळीनं माखलेला उत्तरेश्वर उभा. म्हणाला, कंपनीनं केजकडं दुसऱ्या शेडांवर पाठवलं होतं.

"पक्ष्यांना दोन तास सांगितले," तिनं विचारलं. "मला पंधरा दिवस का म्हून?"

तो गडबडला. "मला बी तेवढेच दिवस झाले की... आई सोयरीक घेऊन यायचं म्हनती. आप्पांना इचारू का?"

"आप्पांना का म्हून? हितं मालक कोन हाय?"

तो हसला. घसा कोरडा पडला होता, तरी सरळ तिच्याकडं बघत म्हणाला, "मालक... माझ्यासंगं लगीन करता का?"

दिपालीनं माठातून तांब्या भरला, त्याच्यापुढं धरला... आणि त्यानं हात पुढं करताच मागं घेतला.

"बसा तिथं," ती पोत्यांकडं बोट करून म्हणाली. "दोन तासांनी देते."

उत्तरेश्वर मुकाट्यानं पोत्यावर जाऊन बसला. जरा सरकून त्यानं बाजूला जागा केली. दिपाली तांब्या घेऊन तशीच उभी राहिली, रागानं... आणि मग जाऊन त्या जागेवर बसली.