पन्नासचा फलक

"फौजदारकाका, लवकर या! माळीबुवा परत आलेत!"

पहारेकऱ्याचा फोन सकाळी सातला आला. निवृत्त फौजदारकाका चहा तसाच टाकून सार्वजनिक गोल्फ मैदानावर धावले. फाटकावरच्या दरफलकावर काल संध्याकाळी 'तीनशे' रंगवलं होतं. आता तिथे 'पन्नास' होतं. अक्षर माळीबुवांचं. आणि माळीबुवांना जाऊन तीन महिने झाले होते!

ही सलग तिसरी सकाळ. काकांच्या अंगावर सर्रकन काटा आला. खोटं कशाला बोला, बरंही वाटलं. पेन्शनीत तीनशेचा खेळ परवडतो कुणाला? भूत पकडलं की आपलाच खेळ बंद. आठला मैदानाची समिती नवा दर पक्का करायला येणार होती.

पण फौजदारकीची खोड मेल्याशिवाय जाते थोडीच!

"काय ऐकलंस?" त्यांनी पहारेकऱ्याला विचारलं.

"पहाटे फुस्स, फुस्स... माळीबुवांचा दमा अगदी अस्साच. मी दार लावून बसलो."

काका वाकले. पाऊस नाही, तरी फलकाखाली चिखल. चिखलात काळेपांढरे ओघळ.

तेवढ्यात मॅनेजर आले. पँट गुडघ्यापर्यंत ओली. "काका, नसती भानगड कशाला उकरता?"

काकांनी सगळ्यांना कचेरीत नेलं आणि तिकीट-खिडकीवरच्या मुलीला, माळीबुवांच्या लेकीला, समोर बसवलं.

"नवा दर कुणी रंगवला?"

"मीच. तिन्ही वेळा."

"कसल्या रंगाने?"

तिने बोटं ओढणीत लपवली.

"मी सांगतो. खाली बाबांचा तेलरंग. त्यावर तू पाण्याने धुतला जाणारा रंग मारलास आणि पहाटे गवताला पाणी घालणारा फवारा फलकाकडे वळवलास. तो फुस्स फुस्स आवाज त्याचाच. रंग वाहून गेला, बाबांचं अक्षर उघडं पडलं."

तिला रडू फुटलं. "बाबा म्हणायचे, ड्रायव्हरच्या पोरालाही इथे खेळता आलं पाहिजे. पण काका, देवाशपथ, मी दोनच दिवस केलं! फवाऱ्याची किल्ली काल साहेबांनी काढून घेतली."

काकांची नजर त्या ओल्या पँटवर गेली.

"मग आज कोण, साहेब?"

मॅनेजर मटकन खुर्चीत बसले. "हिची युक्ती मला कालच कळली. थांबवायला म्हणूनच किल्ली घेतली. पण झोप लागेना. डोळे मिटले की माळीबुवा समोर. काका, तो ड्रायव्हरचा पोरगा मीच. समितीपुढे तोंड उघडायची छाती झाली नाही, म्हणून पहाटे चोरासारखा आलो."

बाहेर हॉर्न वाजला. समिती आली होती. मॅनेजर उठून दाराकडे निघाले.

"अहो, पँट तरी बदला," काका म्हणाले.

"राहू द्या. कशाने भिजली, तेच सांगायचंय त्यांना."