सात दिवसांचं माप

"हे बघा मॅडम, साखरेनं काय करून ठेवलंय." डॉ. रेहाना बागवानने पडद्यावरचं चित्र मोठं केलं.

साताऱ्याजवळच्या त्या मूत्रपिंड-संशोधन प्रयोगशाळेत डॉ. उज्ज्वला फडतरे आपल्याच थोरल्या भावाची गाळणी पाहत होती. रक्त गाळणारं तळपटल साखर चिकटून चिकटून सतरंजीसारखं जाड झालं होतं. रक्तातल्या प्रथिनाला 'मागं फिर' म्हणणारा त्यावरचा ऋण विद्युतभार झिजला होता. पटलाला बाहेरून बिलगणाऱ्या पादपेशी एकमेकींत बोटं गुंतवतात. त्या बोटांमधल्या, नेफ्रिनच्या धाग्यांनी विणलेल्या जाळीतून पाणी जातं, प्रथिन अडतं. आता जाळी विरली होती आणि पेशी सुटून लघवीवाटे चालल्या होत्या.

"गेलेल्या पेशी परत येत नाहीत," रेहाना म्हणाली.

"म्हणून तर आपले सूक्ष्मशिंपी."

दहा वर्षं खपून दोघींनी ते रेणू घडवले होते. रक्तातून जायचं, प्रत्येक फटीशी बसायचं, जाळी शिवायची.

"पण शिंप्याला माप लागतं," रेहानाने बजावलं. "पहिले सात दिवस ते जाळीवरचा दाब फक्त मोजणार. पुढं दाब त्याहून वाढला, की टाके आवळणार. जन्मभर. विसरणं त्यांना आपण शिकवलेलं नाही."

"आणि साखर वाढली की गाळणीवरचा दाब वाढतोच."

"म्हणूनच नियम. पेशंटनं त्या आठवड्यात रोजचंच जेवायचं. साखर मर्यादेबाहेर गेली तर सातव्या दिवशी शिंपी बाहेर काढायचे, चाचणीतून नाव कमी. सोंग चालणार नाही."

सोंग ही तर उज्ज्वलाच्या या भावाची, आप्पांची खासियत. निवृत्त ड्रॉइंग मास्तर. बावीस वर्षांचा मधुमेह. तपासणीच्या आधी आठ दिवस कारलं, मेथी आणि साधूचा चेहरा. रिपोर्ट हातात पडला की राजवाड्यावर जाऊन कंदी पेढे. "रिपोर्ट बिघडला तर डॉक्टरला वाईट वाटतं गं," असं वर सांगणार. चित्र रंगवणाऱ्या माणसानं रक्तही रंगवावं, यात नवल ते काय?

त्यांचं रोजचं जेवण मोजलं असतं, तर नाव पहिल्याच फेरीत गळालं असतं. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या रकान्यात उज्ज्वलाने स्वतःच सोयीचा आकडा लिहिला. मग फोन केला.

"आप्पा, सात दिवस तेवढं सांभाळ. माझ्यासाठी."

"सातच ना? आठची सवय आहे मला!"

सातव्या दिवशी साखर उत्तम निघाली. शिंपी आत राहिले. लघवीतलं प्रथिन उतरत उतरत अकराव्या आठवड्यात शून्यावर आलं. रेहानाने टाळी दिली. उज्ज्वला प्रसाधनगृहात जाऊन पोटभर रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा आले. एका हातात पेढ्यांचा पुडा, दुसऱ्यात नमुन्याची बाटली.

"उजे, ही धर. पहाटेपासून बसलोय, एक थेंब नाही. कालचंच शून्य चालव की आजच्याला!"

बाटली कोरडी होती. त्यांच्या पायांत बुटांऐवजी स्लीपर, आणि सुजलेल्या पावलांत त्यांचे पट्टे रुतलेले.

"पेढे कधीपासून खातोयस?"

"आठव्या दिवसापासून. तुला शब्द सातचा होता."

रेहानाने मुकाट्याने रक्त काढलं. तासाभराने तिने उज्ज्वलाला बाजूला घेतलं.

"क्रिएटिनिन नऊ, एकच्या आसपास हवं तिथं. इतके दिवस आपण प्रथिनाच्या शून्याकडेच बघत बसलो. मॅडम, त्या सात दिवसांत दाब इतका कमी कसा मोजला गेला?"

उज्ज्वलाने सांगितलं. सगळं, रकान्यासकट.

रेहाना भिंतीला टेकली. "म्हणजे शिंपी चुकले नाहीत. दिलेल्या मापाला ते इमानानं चिकटले. रोज पेढा, रोज दाब, रोज एक टाका. प्रथिन थांबलं, मग पाणीही."

"उसवले तर?"

"टाक्यांबरोबर उरलेल्या पादपेशीही सुटतील."

गेलेल्या पेशींबद्दलचं पुढचं वाक्य दोघींनाही पाठ होतं.

खुर्चीत आप्पा सुजल्या बोटांनी पुड्याची दोरी सोडवत होते. जमत नव्हतं. त्यांनी मान वर केली.

"काय गं, तोंडं का उतरली? पास झालो ना मी?"

"शंभरपैकी शंभर," उज्ज्वला म्हणाली. तिने दोरी कापून पुडा त्यांच्यापुढे ठेवला आणि डायलिसिसच्या खाटेसाठी फोन लावला.