एक तारखेचं पान

१ एप्रिल, पौर्णिमा. सकाळी ९ वाजता वटवाघूळ गुहेच्या बोगद्यात एक रबरी होडी छताला अडकली. होडीत तिघं होते : वल्हेकरी सालेह आणि एक पाहुणं जोडपं. भरती चढत होती. सालेहने होडीतली थोडी हवा सोडली. होडी चार बोटं खाली बसली आणि सुटली. पण त्याआधी बाईंनी घाबरून हात वर केला होता आणि तो होडी आणि छत यांच्यामध्ये सापडला. छताला कालवांचे थर असतात, सुरीसारखे. इस्पितळात त्यांच्या उजव्या हाताचं एक बोट काढावं लागलं.

संध्याकाळी पाचला सालेहचा परवाना जमा झाला. पर्यटन कंपनीचे मॅनेजर प्रसित यांनी लिहून दिलं की भरतीच्या पाण्याने गुहा नऊला बंद होणार असं धक्क्यावरच्या फळ्यावर होतं, वल्हेकऱ्याने दुर्लक्ष केलं. सालेहने लिहून दिलं की फळ्यावर नऊ-पन्नास होतं. त्या दिवशीच्या बाकी चार वल्हेकऱ्यांनी लिहून दिलं की आठवत नाही.

३ एप्रिलला सकाळी नऊ वाजता मालाई बेटाच्या धक्क्यावर तीन मुलं त्या फळ्यासमोर उभी होती. मार्चपासून शाळेला सुट्टी होती. हसना, तेरा वर्षांची, सालेहची मुलगी. फुरकान, बारा वर्षांचा, त्याच्या घरची लांब दांड्याच्या इंजिनाची होडी होती आणि त्याच्या मते ती त्याचीच होती. तिसरा मोद. मोद म्हणजे मुंगी. दहा वर्षांचा असून तो सात वर्षांचा दिसायचा.

"बांग रोमली त्या अधिकारी बाईंना घेऊन गेले," मोद म्हणाला. बांग म्हणजे दादा. "बंदर खात्याच्या आहेत. गुहा बघून आज संध्याकाळीच अहवाल देणार म्हणे. प्रसितसाहेबही गेलेत, वेगळ्या होडीत. स्वतः वल्हवणार!"

"साहेब? वल्हवणार?" फुरकान हसला. "त्यांना चहात चमचा धड फिरवता येत नाही!"

हसना हसली नाही. तिचं लक्ष फळ्याकडे होतं. आजच्या तारखेखाली खडूने लिहिलं होतं : 'वटवाघूळ. बंद ११:३०.'

"हे चुकलंय," ती म्हणाली.

"काय चुकलंय?"

"गुहा रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा बंद होते ना! एक तारखेला खरी वेळ नऊ होती, हे साहेबही मान्य करतात. मग काल नऊ-पन्नास. आज?"

मोदने बोटं मोजली. "दहा-चाळीस!"

"मग इथे साडेअकरा कसे? साडेअकरा तर उद्याची वेळ!"

मग फुरकान हळूच म्हणाला, "म्हणजे फळा एक दिवस पुढे चाललाय. आणि परवाही तसाच असेल तर..."

"तर परवा फळ्यावर नऊ-पन्नासच होतं!" हसना ओरडली. "पा खरं बोलत होते!"

धक्क्याच्या टोकाला दाउद आजोबा जाळं शिवत बसले होते. त्यांनी चाळीस वर्षं गुहांमध्ये काढली होती. दर महिना सुरू होण्याआधी तेच ऑफिसातल्या कॅलेंडरच्या प्रत्येक पानावर पेन्सिलीने गुहांच्या वेळा लिहून ठेवत. रोज एक पान फाडायचं आणि वरच्या पानावरची वेळ फळ्यावर उतरवायची, एवढंच साहेबांचं काम होतं.

"आजोबा, आजच्या पानावर तुम्ही काय लिहिलंत?"

"दहा-चाळीस. का गं?"

"फळ्यावर साडेअकरा आहे!"

आजोबांची सुई थांबली. "परवा दुपारी साहेबांनी मला फोन केला होता. म्हणाले, आज गुहा किती वाजता बंद व्हायला हवी होती? मी म्हटलं, नऊला. मला काय ठाऊक, ते फोन ठेवून फळा पुसणार आहेत!"

मुलं ऑफिसकडे धावली. दाराला कुलूप होतं, पण खिडकीतून भिंत दिसत होती. कॅलेंडरवर ठळक आकडा होता : ४.

"आज तीन!" मोद म्हणाला. "कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?"

"काल गुहेत कुणी गेलंच नाही. आणि तारीख सगळे मोबाइलमध्ये बघतात. भिंतीवर बघतात ती फक्त आजोबांची पेन्सिल. साहेबांना वाटलं असेल, परवा आजोबांचीच वेळ चुकली," हसना म्हणाली. "एका दिवशी दोन पानं फाडली गेलीत. कधी? आणि कुणी?"

मोद एकदम खाली बसला. "अरे देवा... नोईमावशी!"

मोदची मावशी धक्क्यावर चहा विकायची आणि त्याच टेबलावर लॉटरीची तिकिटं. महिन्याच्या एक आणि सोळा तारखेला सोडत असायची.

"परवा पहाटे साहेबांनी मावशीला एका चिठ्ठीवर आकडा लिहून दिला," मोद घाईघाईने सांगू लागला. "स्वप्नात आलेला! म्हणाले, शहरातून हाच आकडा आण. ती साडेसहाच्या होडीने गेली. चिठ्ठी जाड होती आणि मागे काहीतरी छापलेलं होतं!"

"तुम्ही लॉटरीवाले!" फुरकान म्हणाला. "आमच्याकडे म्हणतात ते उगाच नाही. हराम!"

"तुझा काका अंधार पडल्यावर घेतो तिकीट. मागच्या दाराने!"

"गप्प बसा दोघं!" हसना म्हणाली.

नोईमावशीने बिस्किटांचा डबा उघडला, पण झाकणावरचा हात काढला नाही. डब्यात गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या होत्या. तिसरी चिठ्ठी म्हणजे कॅलेंडरचं पान. मागे प्रसितसाहेबांच्या अक्षरात चार आकडे. पुढे छापलेला १ आणि त्याखाली पेन्सिलीने, 'वटवाघूळ ९:००'.

"लागला होता का आकडा?" मोदने विचारलं.

"लागला असता तर साहेब आज होडी वल्हवत बसले असते?" मावशी म्हणाली. मग तिने आवाज खाली आणला. "हे पान मी देणार नाही. हा धक्का कंपनीचा आहे. उद्या माझं टेबल उचलून समुद्रात टाकतील."

"मावशी, माझ्या पांचं काम गेलंय," हसना म्हणाली.

मावशीने डब्याकडे पाहिलं, मग चुलीकडे. "दूध उतू जातंय," ती म्हणाली आणि पाठ फिरवून उभी राहिली. चुलीवर दूध नव्हतंच.

हसनाने पान प्लास्टिकच्या पिशवीत घालून कमरेला खोचलं. फुरकानने घड्याळ पाहिलं. "नऊ-पंचवीस! अधिकारी बाई फळा बघून गेल्यात. त्या साडेअकरापर्यंत आत राहतील!"

"तिथे फोन लागत नाही आणि वॉकीटॉकी ऑफिसात कुलपात आहे. चला!"

दाउद आजोबा मागून ओरडले, "हवा सोडायला लाजू नका रे!"

फुरकानचं इंजिन तिसऱ्या झटक्याला सुरू झालं. सालेहची जुनी रबरी होडी मागे दोरीने बांधली होती. उधाणाची भरती होती. खारफुटीची मुळं केव्हाच बुडाली होती. चुन्याचे कडे जवळ आले तेव्हा दहा वाजून बारा मिनिटं झाली होती. कड्याच्या पायथ्याशी गुहेचं तोंड उरलं होतं जेमतेम हातभर उंचीचं.

"मी इथेच थांबतो," फुरकान म्हणाला. "इंजिन सोडून गेलो तर बाबा माझंच इंजिन करतील. लवकर या!"

हसना आणि मोद पाठीवर आडवी झाली आणि होडी आत सरकली. वल्हं निरुपयोगी होतं. हातात चामड्याचे मोजे घालून छताला धरत पुढे जायचं, हे तिला वडिलांनी सातव्या वर्षी शिकवलं होतं. मोदच्या कपाळावरच्या टॉर्चच्या उजेडात कालवं चमकत होती, नाकापासून वीतभर अंतरावर.

"हसना... माझं नाक लहान आहे म्हणून बरं!"

"बोलू नकोस, पोट फुगतं!"

मग एकदम उजेड झाला. बोगद्याच्या पलीकडे चारी बाजूंनी उंच कडे, वर उघडं आभाळ आणि मध्ये संथ हिरवं पाणी. गावात तिला खोली म्हणतात. खोलीला दार एकच.

अधिकारी सुपात्राबाई होडीतून कड्याची उंची मोजत होत्या. त्यांच्या मागे रोमली वल्हं घेऊन बसला होता. दुसऱ्या होडीत प्रसितसाहेब गोल गोल फिरत होते.

"ए पोरांनो! इथे कोणी सोडलं तुम्हाला?" साहेब ओरडले.

"बाई, बाहेर चला! गुहा दहा-चाळीसला बंद होणार आहे!" हसना ओरडली.

"साडेअकराला!" साहेब म्हणाले. "फळ्यावर लिहिलंय. मी स्वतः लिहिलंय. बाई, ही त्या सालेहची मुलगी. बापाने पाठवली असणार!"

सुपात्राबाईंनी एकदा फळा लिहिणाऱ्याकडे पाहिलं आणि एकदा मुलीकडे. कोणावर विश्वास ठेवायचा, हे त्यांना समजत नव्हतं. हसना रोमलीकडे वळली. तो तिच्या वडिलांचा बारा वर्षांचा जोडीदार होता, आणि न आठवणाऱ्या चौघांपैकी एक.

"बांग रोमली, पाणी तुम्हाला दिसतंय ना? सांगा ना!"

रोमली खाली बघत राहिला. "साहेब म्हणतात साडेअकरा..."

"मी साहेबांचं विचारलं नाही. पाण्याचं विचारलं!"

कड्यावरून एक माकड खाकरलं. रोमलीने बोगद्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "दिसतंय," तो म्हणाला. "पंधरा मिनिटांपासून दिसतंय. बाई, आडव्या व्हा. दोन्ही हात पोटावर. काहीही झालं तरी हात वर करायचा नाही!"

"रोमली! उद्यापासून कामावर येऊ नकोस!" साहेब ओरडले. "मी कंपनीसाठी फोटो काढूनच येणार!"

"बरं, साहेब," रोमली म्हणाला आणि त्याने होडी बोगद्यात घातली.

अर्ध्या वाटेत दोन्ही होड्या छताला लागल्या. रबर कालवांवर करकरलं. "हवा!" रोमली आणि हसना एकदम म्हणाले. फुस्स आवाज झाला, होड्या खाली बसल्या. पाणी कडेवरून आत येऊ लागलं. मोदच्या कानात पाणी गेलं तरी तो हलला नाही. पुन्हा हवा. पुन्हा चार हात पुढे. बाहेरून फुरकान दोरी फेकत होता आणि शिव्या, प्रार्थना दोन्ही एकाच दमात म्हणत होता!

सगळी बाहेर पडली तेव्हा सुपात्राबाईंच्या घड्याळात १०:३८ झाले होते. दोन मिनिटांनी त्यांच्या मागे दार राहिलं नाही. कड्याला नुसत्या लाटा लागत होत्या. आतून प्रसितसाहेबांची हाक आली. मग बराच वेळ नुसतीच माकडं ओरडत होती.

"आता ते?" सुपात्राबाईंनी विचारलं.

"पावणेतीनला उघडेल," रोमली म्हणाला. "खोलीत धोका नाही. फक्त माकडं टोपी घेतात."

फुरकानच्या होडीत सुपात्राबाईंनी ते पान दोन्ही बाजूंनी पाहिलं. मोदने साडेसहाच्या होडीचं सांगितलं, हसनाने पन्नास मिनिटांचं. बाईंनी सगळं लिहून घेतलं, मग रोमलीला विचारलं, "एक तारखेला फळ्यावर काय होतं?"

"नऊ-पन्नास," रोमली म्हणाला. "आठवतंय."

संध्याकाळी मशिदीसमोरच्या चौकात सरपंचांनी तिन्ही मुलांना पुढे उभं केलं. "मोठ्यांनी जे तोंड उघडलं नाही ते या लेकरांनी उघडलं!" असं ते म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते चौघं वल्हेकरीही टाळ्या वाजवत होते. प्रसितसाहेब तोपर्यंत बाहेर आले होते, टोपीशिवाय, आणि शेवटच्या होडीने शहरात निघून गेले होते.

सुपात्राबाई सालेहच्या घरी आल्या. हसनाच्या आईने चहा दिला.

"फळा चुकीचा होता, हे सिद्ध झालंय," बाई म्हणाल्या. "पण अहवालासाठी एक प्रश्न विचारायलाच हवा. तुम्ही सतरा वर्षं गुहेत जाताय. त्या दिवशी आत शिरताना पाणी चढलंय हे तुम्हाला दिसलं नव्हतं का?"

हसनाने वडिलांकडे पाहिलं. एका शब्दाचं काम होतं. नाही म्हटलं की संपलं.

"दिसलं होतं," सालेह म्हणाला.

"मग?"

"वॉकीटॉकीवर सांगितलं. साहेब म्हणाले, फळा बघ. मागच्या महिन्यात मी एकदा नाही म्हटलं होतं, तर बारा दिवस होडी मिळाली नाही. म्हणून गेलो." तो थांबला. "पण दिसलं होतं."

बाईंनी तेही लिहून घेतलं. त्या गेल्यावर हसनाने चहाचा कप उचलून ठेवला. मग तिचा बांध फुटला.

"आम्ही बोगद्यात मरता मरता वाचलो, पा! तुमच्यासाठी! एक 'नाही' म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"त्या बाईंचं बोट परत आलं असतं का?"

"तुमचा परवाना आला असता!"

"हो," सालेह म्हणाला. "तो आला असता."

रोमलीला कंपनीने दुसऱ्या दिवशी कामावरून काढलं. नोईमावशीचं टेबल आठवड्याने धक्क्यावरून हटवलं. ती आता मोदच्या घराच्या पायरीवर चहा विकते. प्रसितसाहेबांना दंड झाला आणि कंपनीने त्यांना खाडीपलीकडच्या धक्क्यावर पाठवलं. तिथेही फळा तेच लिहितात.

एप्रिलअखेर अहवालाची प्रत गावात आली. पान आठवर लिहिलं होतं की वेळ चुकीची देण्यात आली, याला मॅनेजर जबाबदार. पान नऊवर, की धोका दिसत असूनही वल्हेकरी आत गेला. परवान्याबद्दलचा निर्णय जिल्ह्याची समिती घेईल.

समितीची पहिली बैठक ६ मे रोजी होती. ती पुढे ढकलली गेली. १६ मे रोजी शाळा सुरू झाली. हसना आठवीत गेली. समितीच्या बैठकीची नवी तारीख अद्याप कळलेली नाही.