कोंडीरामचा नारळ

चौकला हायवेच्या कडेला मालोजीचं गॅरेज आहे. वीज गेली की भाड्याच्या गाड्यांचे ड्रायव्हर तिथल्या बाकड्यावर येऊन बसतात. एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीच्या त्या रात्रीही बसले होते. कमळ्या खुशीत होता. समोर उभ्या असलेल्या त्याच्या मेटॅडोरच्या काचेमागं एक नारळ बांधलेला होता. बुधाजीच्या पोराच्या लग्नाला गाडी ठरल्याचा.

"ह्यो नारळ उद्या सोडतो," कमळ्या म्हणाला. "पनवेलच्या पार्टीला तीच तारीख पायजे. वर्षभर सहलीपण देतील. बुधाजीला सांगतो, गाडी बिघडली."

"आन् त्याचं वऱ्हाड?" शुक्रानं विचारलं.

"तुझ्या टेंपोत ने. म्हशीची जागा तेवढी धुवून घे."

सगळे हसले. मालोजी हसला नाही. त्यानं हात पुसले आणि कंदील जवळ ओढला.

"भिवाजीबी असाच बोलला होता," तो म्हणाला. "इथंच, ह्याच बाकड्यावर बसून."

"कोन भिवाजी, काका?"

मालोजीनं मग सगळं सांगितलं. ते असं.

भिवाजी मालोजीचा जुना दोस्त. त्याच्याकडं सोळा माणसांची मेटॅडोर होती. बसायची तीस. लग्न असो, जत्रा असो, गाडी ठरवायची रीत एकच. घरातल्या कर्त्या माणसानं यायचं आणि काचेमागच्या दांडीला स्वतःच्या हातानं नारळ बांधायचा. नारळ बांधला की त्या दिवसापुरती गाडी त्या घराची. निघताना पुढच्या चाकासमोर दगड ठेवायचा, तोच नारळ त्यावर फोडायचा आणि मग चाक हलवायचं. कागद नाही, सही नाही.

एकोणीसशे ऐंशीच्या उन्हाळ्यात कोंडाण्याच्या वरच्या वाडीतून कोंडीराम आला. त्याच्या पोराचं लग्न महिन्यावर होतं. त्याची बायको येसूबाई सोबत होती. हळदीत भिजवलेल्या फडक्यात तिनं नारळ गुंडाळून आणला होता आणि फडक्याला तीन गाठी मारल्या होत्या. कोंडीरामनं तो बांधला. येसूबाईनं गाडीच्या सीटवरून हात फिरवला आणि लाजून हसली. त्यांच्या वाडीतलं वऱ्हाड पहिल्यांदाच गाडीतून जाणार होतं.

आठवड्यानं खालापूरचा एक ठेकेदार आला. तारीख तीच. भिवाजीला वाटलं, ठेकेदार मोठा माणूस, पुढं कामाला येईल. लग्नाच्या सकाळी त्यानं गाडी खालापूरला नेली. गडबडीत ठेकेदाराचा नारळ भिवाजीच्या घरीच राहिला. भिवाजीनं कोंडीरामचा नारळ सोडला, तीन गाठी दातांनी तोडल्या आणि तोच चाकासमोर फोडला. प्रसाद सगळ्यांना वाटला.

वाडीतलं वऱ्हाड दुपारपर्यंत रस्त्यावर बसून राहिलं. बाशिंग बांधलेला नवरदेव उन्हात उभा. शेवटी खाणीचा एक ट्रक मिळाला, दगड भरलेला. दगडांवर माणसं बसली. कर्जत-चौक रस्त्यावरच्या मोरीपाशी ट्रक कलंडला. माणसं खाली आणि दगड वर. सहा जण जागीच गेले. येसूबाई गेली, नवरदेव गेला.

संध्याकाळी ठेकेदाराची माणसं कर्जतला सोडून भिवाजी रिकामी गाडी घेऊन त्याच रस्त्यानं आला. कोंडीराम अजून जिवंत होता. कमरेखाली काही उरलं नव्हतं. त्यानं भिवाजीला ओळखलं.

"भिवाजी," तो म्हणाला, "आमचा नारळ कुठं हाय रं?"

एवढंच बोलला आणि गेला. तो सातवा.

त्यानंतर वर्षभर भिवाजी अंधार पडल्यावर त्या मोरीवरून गेला नाही. लांबचा वळसा घालायचा, पण तो रस्ता टाळायचा.

मग आली तेवीस मे, एकोणीसशे एक्क्याऐंशी. शनिवार. रविवारी भिवाजीच्या शकूचं लग्न होतं, खोपोलीला, मुलाकडं. पहाटे पाचला वऱ्हाड निघायचं होतं. त्याच्या बायकोनं, विमलबाईनं, लाल फडक्यात नारळ बांधून काचेमागं अडकवलाही होता. पण शनिवारचं एक भाडं आधीच घेतलेलं. मुंबईच्या कारखान्यातली पंचवीस माणसं कोंडाण्याची लेणी बघायला आली होती. त्यांना कर्जत स्टेशनला सोडायचं आणि घरी यायचं, एवढंच काम.

"आज नका जाऊ," विमलबाई म्हणाली होती.

"दहा वाजता दारात उभा राहतो बग. शकूला सांग, बाप येईपर्यंत झोपू नको."

पण मंडळी लेण्यांत रेंगाळली, उतरताना एकाचा पाय मुरगळला, आणि कर्जतलाच साडेदहा झाले. वळसा घातला तर मध्यरात्र होणार. गाडी धुवायची होती, फुलं लावायची होती. भिवाजीनं क्षणभर नारळाकडं पाहिलं आणि गाडी सरळ रस्त्याला घातली.

चंद्र अजून उगवला नव्हता. रस्त्यावर कुणी नव्हतं. मोरी दिसली तेव्हा त्यानं वेग वाढवला.

मोरीच्या बरोबर मध्यावर इंजिन बंद पडलं.

त्यानं चावी फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. दिवे मात्र चालू होते. त्या उजेडात त्याला दिसलं, रस्त्यावर एक दगड होता. धुतलेला. त्याला हळदकुंकू लावलेलं होतं. दगड त्याच्या पुढच्या चाकासमोर होता.

मागचं दार उघडलं.

त्यानं आरशात पाहिलं. कुणी नव्हतं. पण गाडी मागून किंचित दबली. चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे करकरले. कुणीतरी चढलं होतं.

पुन्हा दबली. दोन.

पुन्हा. तीन.

चार... पाच... सहा...

सातव्या वेळी पाटे करकरले नाहीत. काहीतरी फरपटत आत आलं.

ओल्या हळदीचा वास आला. त्यात डिझेलचा. त्यात रक्ताचा.

"नारळ फोड, भिवाजी." आवाज अगदी मानेजवळ होता. "मुहूर्त टळतोय."

भिवाजीनं दांडीवरून लाल फडकं सोडवून घेतलं. नारळ हातात आला, आणि त्याला कळलं. हा फोडला तर गाडी त्यांची. पहाटे पाचला शकू याच गाडीत बसणार. तिची आई बसणार. घरातलं लेकरू न् लेकरू बसणार.

"ह्यो नाय," तो म्हणाला. "ह्यो माज्या शकूचा हाय."

"तो बी आमच्या पोराचा होता."

"चुकलं माझं. मला मारा. पण ह्यो नाय देनार."

मागं पाटे पुन्हा करकरले...

मग त्याचे केस कुणीतरी धरले. कपाळ स्टेअरिंगवर आपटलं. एकदा. दोनदा. दात तुटून जिभेवर आले. दार उघडलं आणि त्याला केसांनीच खाली ओढलं. त्यानं दोन्ही हातांनी नारळ पोटाशी धरला होता. ते त्याला चाकापर्यंत फरपटत घेऊन गेले.

एकानं उजवा हात खेचला. सुटेना. बोटं मागं वळवली. एक मोडलं. दुसरं मोडलं. तो ओरडला, पण हात सोडला नाही.

"नारळ दे."

"नाय."

"मग डोकं दे."

कपाळ दगडावर आलं.

पहिला घाव.

"शकू..."

दुसरा.

...

तिसरा त्याला कळला नाही.

पहाटे चार वाजता विमलबाईनं मालोजीला उठवलं. दोघं दुसऱ्याची जीप घेऊन शोधत निघाले. गाडी मोरीवर उभी होती. दिवे जळून जळून पिवळे झाले होते. भिवाजी चाकासमोर मुडपून पडला होता. दगड कुठंच नव्हता. त्याच्या कपाळाला तीन खोका पडल्या होत्या, आणि मोडलेल्या बोटांत नारळ तसाच होता. अख्खा.

तो अकरा दिवस जगला. दवाखान्यात त्यानं तुटक तुटक सगळं मालोजीला सांगितलं. लग्न थांबवू नका, असं पहिल्याच दिवशी खुणेनं सांगितलं होतं. वऱ्हाड यष्टीनं गेलं. सुखरूप गेलं. शकूला आता दोन पोरं आहेत.

मालोजी थांबला. हायवेवरून एक ट्रक गेला आणि त्याचा उजेड सगळ्यांच्या तोंडावरून सरकला.

"लुटारूंनी मारलं आसंल," कमळ्या म्हणाला. "कर्जतपास्नं मागं लागलं आसतील."

"आसंल," मालोजी म्हणाला.

तो उठला. हत्यारांच्या पेटीतून त्यानं एक पोतं काढलं, पोत्यातून एक नारळ काढला आणि कंदिलाजवळ ठेवला.

"त्याच्या हातातनं मीच सोडवला. विमलबाईनं घरात घेतला नाय. ती म्हनली, मी बांधला तो लाल फडक्यात होता."

नारळ पिवळ्या फडक्यात होता. फडक्याला तीन गाठी होत्या.

"येसूबाईचा?" शुक्रानं विचारलं. "पर काका, त्यो तर फोडला ना? वर्षभर आदी? खालापूरला?"

"फोडला," मालोजी म्हणाला. "मी व्हतो तिथं. त्याचं खोबरं मी खाल्लंय."

कमळ्यानं हात पुढं केला, मागं घेतला, मग नारळ उचललाच. सात वर्षांचा नारळ. आत गोटा वाळून खडखडायला हवा. त्यानं तो कानाशी नेऊन हलवला.

आत पाणी डुचमळलं.

त्यानं नारळ जपून खाली ठेवला. मग उठून आपल्या गाडीकडं गेला, काचेमागच्या बुधाजीच्या नारळाची गाठ बोटांनी चाचपली, आणि आणखी घट्ट केली.